गिऱ्हाईक आणि चितारी : एट्रुस्कन कुंभचित्रांतला ग्रीक वारसा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभा जन्म चित्रकला शिकवली. विद्यार्थ्याने आधी एखाद्या उत्तम चित्राची बरहुकूम नक्कल करावी आणि मग स्वतःचे काय ते बोलावे, असा त्यांचा शिरस्ता होता. म्हणून त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर आज मी अशा लोकांविषयी बोलणार आहे, ज्यांच्या माथी गेली दोनशे वर्षे 'ग्रीकांचे नकलाकार' असा शिक्का बसलेला आहे. ते लोक म्हणजे एट्रुस्कन, आणि त्यांची कला म्हणजे मातीच्या भांड्यांवरची चित्रे.

एट्रुस्कनांचा मुलूख मध्य इटलीतला, आर्नो आणि टायबर या दोन नद्यांमधला. आजच्या टस्कनीचा मोठा भाग त्यातच येतो. त्यांचे एक राज्य असे कधीच नव्हते. चेर्वेतेरी, तार्क्विनिया, वुल्ची, वेई, किउसी, ओर्विएतो अशी एकमेकांशी चढाओढ करणारी स्वतंत्र नगरे होती. भाषा आसपासच्या कुठल्याही भाषेशी नाते न सांगणारी. लिपी मात्र ग्रीकांकडून उचललेली, त्यामुळे त्यांचे लेख वाचता येतात, पण सगळे समजत नाहीत. त्यांचे काव्य, नाटक, इतिहास यांतले काही उरलेले नाही. त्यांच्याविषयी जे लिहून ठेवले ते ग्रीकांनी आणि रोमनांनी, म्हणजे एका परीने त्यांच्या व्यापारी प्रतिस्पर्ध्यांनी आणि त्यांना जिंकणाऱ्यांनी. त्यांचे स्वतःचे म्हणणे ऐकायचे तर थडग्यांच्या भिंती, काशाचे आरसे आणि भांडी यांच्याकडेच जावे लागते.

आता गंमत पाहा. १७६९ साली इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड या कुंभारकामातल्या बड्या कारखानदाराने नवा कारखाना काढला आणि त्याला नाव दिले 'एट्रुरिया'. पहिल्या दिवशी घडवलेल्या फुलदाण्यांवर त्याने लॅटिनमध्ये लिहवून घेतले की एट्रुरियाच्या कला पुन्हा जन्म घेत आहेत. ज्या जुन्या भांड्यांकडे पाहून त्याने हे केले ती मात्र ग्रीक होती. इटलीच्या मातीतून निघणारे प्रत्येक चित्रित भांडे एट्रुस्कनच, अशी त्या काळची समजूत. विंकेलमानसारख्या जाणकाराने शंका काढली होती, पण ऐकतो कोण? तेव्हा एट्रुस्कनांना न केलेल्या कामाचे श्रेय मिळत होते. पुढच्या शतकात केलेल्या कामाचेही मिळेनासे झाले.

हा पालट वुल्चीत झाला. १८२८ साली तिथल्या एका शेतात नांगरताना जमीन खचली, बैल खाली गेले आणि खाली थडगे सापडले. शेजारचा जमीनदार होता लुसियाँ बोनापार्ट, नेपोलियनचा सख्खा भाऊ. त्याने खोदायला सुरुवात केली आणि थोड्याच काळात हजारो भांडी बाहेर काढली. त्याचा दावा होता की हे सगळे एट्रुस्कनांचे. १८३१ साली एदुआर्द गेरहार्ट या जर्मन पुरातत्त्वज्ञाने या भांड्यांवर सविस्तर अहवाल लिहिला. त्यांवरचे लेख ग्रीक, कुंभारांच्या सह्या ग्रीक, कथा ग्रीक. युरोपातल्या संग्रहालयांनी मग वर्गवारी केली. जे सुबक ते ग्रीक, आणि जे वाकडेतिकडे ते एट्रुस्कन. ही वर्गवारी शास्त्राची कमी आणि बाजाराची जास्त होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजार काय करतो याचा साक्षीदारही आहे. जॉर्ज डेनिस हा इंग्रज प्रवासी वुल्चीच्या उत्खननावर गेला होता. १८४८ साली त्याचा एट्रुस्कन नगरांवरचा ग्रंथ आला, त्यात त्याने पाहिलेली हकिकत आहे. मजूर थडग्यातून साधी, चित्र नसलेली काळी भांडी काढत होते आणि देखरेख करणाऱ्याच्या हुकमावरून ती तिथल्या तिथे पायाखाली चिरडत होते. त्याने एक-दोन मागितली, तरी मिळाली नाहीत. फालतू माल बाजारात गेला तर चांगल्या मालाचा भाव पडेल, हे कारण. ती काळी भांडी बहुधा 'बुक्केरो' असावीत. आणि बुक्केरो म्हणजे तर एट्रुस्कन कुंभाराची अस्सल, स्वतःची करामत! इ.स.पू. ६७५च्या सुमाराला चेर्वेतेरीत ती सुरू झाली. आव्यात हवा कोंडून भाजलेली, आतून-बाहेरून काळी, धातूसारखी चमकणारी, आणि सुरुवातीच्या काळात अंड्याच्या कवचाइतकी पातळ. चेर्वेतेरीजवळच्या एका टेकाडाखालच्या थडग्यात सापडलेल्या बुक्केरोच्या एका सुरईवर मीडिया आणि डेडॅलस यांची नावे एट्रुस्कन लिपीत कोरलेली आहेत. ही सुरई इ.स.पू. ६३०च्या आसपासची. ग्रीक पुराणातल्या मीडियाची जी चित्रे आज आपल्याला माहीत आहेत त्यांतले हे सर्वांत जुन्यांपैकी एक, आणि ते निघाले एट्रुस्कन हातातून.

ग्रीक भांडी इटलीच्या थडग्यांत पोचली कशी? धातूमुळे. एल्बा बेटावरचे लोखंड आणि तोल्फा डोंगरातले तांबे यांच्या मोहाने ग्रीक व्यापारी पश्चिमेला आले. इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याला नेपल्ससमोरच्या इस्किया बेटावर त्यांची वसाहत उभी होती. त्यांच्याबरोबर लिपी आली, द्राक्षारस पिण्याचे शिष्टाचार आले आणि त्यासाठी लागणारी भांडी आली. पाणी आणि मद्य मिसळायचे क्रेटर, पाण्याची तीन कानांची हायड्रिया, साठवणीचा अँफोरा. पाठोपाठ कुंभारही आले. चेर्वेतेरीत सापडलेल्या, इ.स.पू. ६५०च्या सुमाराच्या एका क्रेटरवर अरिस्तोनोथोस नावाच्या ग्रीकाची सही आहे. एका अंगाला ओडिसियस आणि त्याचे सोबती एकाक्ष राक्षसाच्या डोळ्यात सोटा खुपसताना दिसतात. दुसऱ्या अंगाला दोन जहाजांची झुंज आहे. त्यांतले एक ग्रीक आणि दुसरे एट्रुस्कन, असे अनेक अभ्यासक मानतात. गिऱ्हाइकालाच शत्रू म्हणून रंगवले असेल, तर ते भांडे त्याने विकत घेऊन थडग्यात ठेवले हे नवलच. पण अशी नवले या विषयात पुढेही भेटतील.

रोमन लेखकांनी एक कथा सांगितली आहे. कोरिंथमध्ये सत्तापालट झाला तेव्हा डेमारॅटस नावाचा धनाढ्य व्यापारी पळून तार्क्विनियाला आला, तिथल्या खानदानी बाईशी त्याने लग्न केले आणि त्याचा मुलगा पुढे रोमचा राजा झाला. प्लिनी म्हणतो, त्याच्याबरोबर मातीकाम करणारे तीन कारागीरही आले आणि इटलीला ती कला त्यांनीच शिकवली. कथेतले खरेखोटे बाजूला ठेवू. पण इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात वुल्चीत कोरिंथ पद्धतीची भांडी रंगवणारे चितारी होते, हे खरे. सिंह, स्फिंक्स, हरणे यांच्या रांगाच रांगा. त्यांच्यातला पहिला मोठा हात कोरिंथमध्ये शिकलेला असावा. पुढच्या पिढ्यांनी त्याच रांगा इतक्या गिरवल्या की सिंहाचे मांजर झाले. इथे नक्कल हा शब्द लागू आहे आणि मी तो टाळणार नाही.

पण माझा आजचा खरा मुद्दा नकलेचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे. कलेच्या इतिहासात आपण नेहमी करणाऱ्याची बाजू पाहतो. घेणाराही भांडे घडवत असतो, हे विसरतो. अथेन्सची जी उत्तमोत्तम चित्रित भांडी आज जगात आहेत त्यांतली फार मोठी संख्या ग्रीसमध्ये सापडलेलीच नाही, एट्रुरियातल्या थडग्यांत सापडली आहे. ट्रॉयच्या युद्धातले वीर अकिलीस आणि एजॅक्स चिलखतानिशी वाकून फासे खेळत बसले आहेत, हा एक्झेकिआसचा जगप्रसिद्ध अँफोरा वुल्चीचा. 'फ्रान्स्वा कुंभ' किउसीजवळचा. १८४४ साली अलेस्सांद्रो फ्रान्स्वाला त्याचे तुकडे सापडू लागले. इ.स.पू. ५७०च्या सुमाराचा, ६६ सेंटीमीटर उंचीचा हा क्रेटर घडवला एर्गोटिमोसने आणि रंगवला क्लेइटिआसने. दोनशेहून जास्त आकृत्या, शंभराहून जास्त नावे, आणि त्यांच्यात अकिलीसच्या आईवडिलांच्या लग्नाची देवदेवतांची वरात. १९०० साली फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात एका रखवालदाराने रागाच्या भरात लाकडी स्टूल भिरकावले आणि कुंभाचे ६३८ तुकडे झाले. तो पुन्हा जोडला, आणि आजही तिथेच उभा आहे. ग्रीक पुराणांचा हा सचित्र कोश एट्रुस्कन खरेदीदारामुळे आपल्यापर्यंत आला. त्याने तो घरी वापरून फोडून टाकला असता, तर क्लेइटिआस हे नाव आज किती जणांना माहीत असते?

अथेन्सचे कुंभार या गिऱ्हाइकाला नीट ओळखून होते. निकोस्थेनिस नावाच्या कुंभाराने इ.स.पू. ५३०च्या सुमाराला एक वेगळाच अँफोरा काढला. रुंद पट्टीसारखे कान, कोनात वळलेले अंग. हा आकार ग्रीकांचा नव्हताच. चेर्वेतेरीच्या बुक्केरो अँफोऱ्याची ही अथेन्सची आवृत्ती होती, आणि ती जवळजवळ सगळीच्या सगळी चेर्वेतेरीतच विकली गेली. उंच कानाचा, द्राक्षारस उपसायचा पेलाही असाच एट्रुरियातून अथेन्सला गेला. म्हणजे आकार एट्रुस्कन, माती आणि चित्र अथेन्सचे, विक्री पुन्हा एट्रुरियात. आता सांगा, कोणी कोणाची नक्कल केली? निकोस्थेनिसला कोणी नकलाकार म्हणत नाही. त्याला 'चतुर उद्योजक' म्हणतात.

या व्यापाराच्या खुणा दगडातही आहेत. तार्क्विनियाच्या ग्राविस्का बंदरात जहाजाच्या दगडी नांगराचा एक तुकडा सापडला. एजिनाच्या सोस्ट्रॅटसने तो अपोलोला वाहिला, असे त्यावर ग्रीकमध्ये कोरले आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने ज्याच्या अफाट नफ्याचा उल्लेख केला आहे तो एजिनाचा सोस्ट्रॅटस हाच किंवा याच्याच घराण्यातला असावा.

आता एट्रुरियात बसून रंगवणाऱ्यांकडे येऊ. इ.स.पू. ५४६च्या सुमाराला इराणी फौजांनी आयोनियाची ग्रीक नगरे घेतली आणि तिथले कारागीर पश्चिमेला पांगले. त्यांच्यातल्या दोघांनी चेर्वेतेरीत दुकान थाटले असावे. तिथल्या हायड्रिया आज चाळीसच्या आसपास उरल्या आहेत, पण असले हसरे काम ग्रीसमध्येही विरळा. लूव्रमधल्या एका हायड्रियावर हेराक्लिसने पाताळातून तीन डोक्यांचा कुत्रा ओढत आणला आहे. एक डोके काळे, एक पांढरे, एक तांबडे, आणि अंगावर वळवळणारे साप. ज्याने हे काम सांगितले तो राजा युरिस्थिअस घाबरून रांजणात शिरला आहे आणि वर हात करून ओरडतो आहे. व्हिएन्नातल्या हायड्रियावर इजिप्तचा राजा बुसिरिस हेराक्लिसला बळी द्यायला निघतो, आणि हेराक्लिसच त्याच्या माणसांना पायाखाली तुडवून, पायाला धरून भिरकावतो. शत्रूंना तुडवणारा महाकाय फॅरो ही इजिप्तची चित्रपद्धत. चिताऱ्याने ती उलटी फिरवून इजिप्तवरच सोडली आहे. हे दोघे चितारी ग्रीक की एट्रुस्कन, यावर पूर्वी पुष्कळ शाई खर्च झाली. जन्म आयोनियाचा, पोट चेर्वेतेरीचे. याहून जास्त काय ठरवायचे?

त्याच सुमाराला वुल्चीतला 'पॅरिस चितारी' काम करत होता. म्युनिकमधल्या त्याच्या अँफोऱ्यावर हर्मिस तीन देवींना, सर्वांत सुंदर कोण या निवाड्यासाठी, ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्याकडे घेऊन चालला आहे. ग्रीक चितारी हा प्रसंग भारदस्तपणे रंगवतो. इथे शेवटी चालणारी अॅफ्रोडाइटी झगा किंचित उचलून टोकदार तांबडे जोडे दाखवते, आणि मागच्या बाजूला पॅरिसच्या गुरांपैकी एकाच्या पाठीवर पक्षी बसला आहे. कथेला त्या पक्ष्याची काही गरज नाही. पण गुरे पाहिलेल्या माणसाला आहे.

आणि मग मिकाली चितारी. त्याचे स्वतःचे नाव कळत नाही. अभ्यासकांनी त्याला जुसेप्पे मिकाली या इटालियन पंडिताचे नाव दिले. इ.स.पू. ५२० ते ४९०च्या दरम्यान वुल्चीत त्याचा कारखाना जोरात होता. पंखवाले घोडे, पंखवाल्या स्त्रिया, नाचणारे, मुष्टियोद्धे, आणि रिकामी जागा दिसली की तिथे वेल. मिकाली चिताऱ्यापेक्षा अथेन्सचा एक्झेकिआस कितीतरी श्रेष्ठ चित्रकार होता, यात वादच नाही. पण या कारखान्याशी जोडल्या जाणाऱ्या एका हायड्रियाकडे पाहा. कथा अशी : काही चाच्यांनी सुंदर तरुण दिसला म्हणून मद्याचा देव डायोनायसस याला पळवले. देवाने जहाजावर द्राक्षवेल फुलवला, घाबरून चाच्यांनी समुद्रात उड्या मारल्या आणि त्यांचे डॉल्फिन झाले. एक्झेकिआसने याच कथेचा शेवट एका पेल्यात रंगवला आहे असे मानतात. हा पेलाही वुल्चीचा, आज म्युनिकला आहे. देव नावेत रेलून बसला आहे, वर द्राक्षांचे घोस, भोवती सात डॉल्फिन. सगळे संपून गेले आहे, समुद्र शांत आहे. एट्रुस्कन चिताऱ्याला ही शांतता नको आहे. त्याला उडी हवी आहे. वरचे अंग डॉल्फिनचे झाले, पाय अजून माणसाचे, आणि अशी ती धडे एकामागून एक खाली झेपावत आहेत. माणूसपण सुटते तो क्षणच त्याने धरला.

आता या कथेतले चाचे कोण होते? ग्रीक कवितेत ते तिर्रेनियन आहेत. ग्रीक लोक एट्रुस्कनांना त्याच नावाने ओळखत. ज्या कथेत आपलेच लोक लुटारू ठरतात आणि जनावर होतात, ती कथा एका एट्रुस्कन कारखान्यात इतक्या आवडीने रंगली. अभ्यासक याचे नाना अर्थ लावतात. डायोनायससचा पंथ, मरणानंतरचे रूपांतर, वगैरे. मला स्वतःला वाटते की चांगली गोष्ट आपल्याविरुद्ध असली तरी सांगायची, एवढा मोकळेपणा त्या चिताऱ्यात होता.

इ.स.पू. ५२५च्या सुमाराला अथेन्समध्ये तंत्र उलटे झाले. आधी आकृत्या काळ्या आणि पार्श्वभूमी तांबडी. आता पार्श्वभूमी काळी आणि आकृत्या मातीच्या मूळ तांबड्या रंगात राखलेल्या. हा काळा म्हणजे शाई किंवा रंग नव्हे. त्याच मातीचा अतिशय बारीक, लोहयुक्त गाळ. भट्टीत आधी मोकळी हवा, मग हवा कोंडायची, मग पुन्हा सोडायची. मधल्या टप्प्यात सगळे काळे होते, शेवटच्या टप्प्यात उघडी माती परत तांबडी होते, पण गाळाचा थर काचेसारखा मिटल्याने काळाच राहतो. एट्रुरियाची माती फिकट, त्यावर हा ताल नीट जमत नसे. म्हणून तिथल्या चिताऱ्यांनी दीर्घकाळ आडवाट धरली. भांडे आधी पूर्ण काळे करायचे आणि वरून तांबड्या रंगाने आकृती काढायची. दुरून दिसायला अथेन्सचे, जवळून पाहिले की रंग पोपडे धरून निघतोय. ही पळवाटच होती.

इ.स.पू. ४७४ साली कुमेच्या समुद्रात सिराक्यूजच्या हिएरोनने एट्रुस्कन आरमार बुडवले. लुटीतले एक शिरस्त्राण त्याने ऑलिंपियात वाहिले, ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या नगरांत अथेन्सची भांडी कमी होत गेली आणि तो व्यापार एड्रियाटिक बाजूच्या स्पिना बंदराकडे वळला. पाचव्या शतकाच्या अखेरीपासून वुल्ची, किउसी, वोल्तेरा आणि शेजारच्या फालेरीत स्थानिक तांबड्या आकृत्यांची खरी परंपरा उभी राहिली. सर जॉन बीझली यांनी आयुष्यभर अथेन्सच्या चिताऱ्यांचे हात ओळखण्याचे काम केले. १९४७ साली त्यांनी एट्रुस्कन कुंभचित्रांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे या चिताऱ्यांना माणसांसारखी वेगवेगळी ओळख मिळाली.

या काळातले एकच भांडे सांगतो. चौथ्या शतकातला, वुल्चीचा, आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहातला क्रेटर. ॲडमिटस राजाचे मरण जवळ आले. त्याच्या जागी दुसरे कोणी मरायला तयार असेल तर तो वाचेल, असा वर होता. म्हातारे आईबाप नाही म्हणाले, पत्नी अल्सेस्टिस हो म्हणाली. आपल्याला सावित्री आठवणार, पण इथे पत्नी यमाशी वाद घालत नाही, स्वतःच निघते. युरिपिडीजच्या नाटकात हेराक्लिस तिला मृत्यूच्या हातून सोडवून आणतो, आणि ग्रीकांसाठी कथेचा भर तिथे आहे. वुल्चीच्या क्रेटरवर हेराक्लिस नाही. मधोमध नवराबायको एकमेकांना मिठी मारून उभे आहेत, शेजारी एट्रुस्कन अक्षरांत त्यांची नावे. एका बाजूने हातोडा उगारलेला राक्षस, दुसऱ्या बाजूने साप हातात धरलेला. हातोडेवाला म्हणजे खारुन. नाव मृतांना पार नेणाऱ्या ग्रीक नावाड्यावरून घेतले, पण नाव वल्हवणे सोडून त्याच्या हाती घण दिला. थडग्यांच्या भिंतींवर तो निळसर कातडीचा, बाकदार नाकाचा असा भेटतो.

त्या मिठीकडे नीट पाहा. ज्या समाजात पत्नी नवऱ्याशेजारी मंचकावर रेलून मेजवानीला बसत असे, आणि ज्याबद्दल ग्रीक लेखकांनी नाके मुरडली, त्या समाजातले हे चित्र आहे. तार्क्विनियाच्या थडग्यांत, चेर्वेतेरीच्या मातीच्या शवपेटीवर हीच जोडपी दिसतात. अथेन्सच्या चिताऱ्याला ही मिठी रंगवायचे सुचले असते का? मला शंका आहे. रेघ ग्रीक, कथा ग्रीक, आणि तिच्यातून जे सांगितले ते ग्रीकांकडे नव्हतेच.

पुढचे फार सांगण्यासारखे नाही. इ.स.पू. ३९६ मध्ये रोमने वेई घेतले आणि मग एकेक नगर पडत गेले. चेर्वेतेरी आणि फालेरीत बाईच्या एका बाजूच्या चेहऱ्याची छोटी ताटे शेकड्यांनी निघत राहिली. चेहरा तोच, हात सराईत, जीव गेलेला. तिसऱ्या शतकात साध्या काळ्या भांड्यांनी बाजार व्यापला आणि चित्रे थांबली.

थडग्यांची लूट मात्र थांबली नाही. अथेन्सच्या युफ्रोनिओसने रंगवलेला, सार्पेडॉन या वीराच्या मृत्यूचा क्रेटर १९७१ साली चेर्वेतेरीच्या एका थडग्यातून चोरून काढला गेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने तो १९७२ मध्ये दहा लाख डॉलरना घेतला आणि २००८ साली इटलीला परत केला. आज तो चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे. डॉल्फिनच्या उड्यांची ती हायड्रियाही अमेरिकेतल्या टोलेडो संग्रहालयाने चोरीचा माल म्हणून परत करायचे २०१२ साली मान्य केले. ग्रीक चिताऱ्याचे भांडे ग्रीसला न जाता चेर्वेतेरीला गेले, हे मला योग्य वाटते. ज्याने ते घेतले, जपले आणि आपल्या मृताशेजारी ठेवले, त्याचाही त्यावर हक्क आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण हल्ली रोमला जातात. व्हॅटिकन आणि कॉलोसियमच्या रांगांत दिवस जातो, तो जाऊ द्या. पण एक अर्धा दिवस व्हिला जुलियाच्या एट्रुस्कन संग्रहालयासाठी ठेवा, आणि जमले तर रेल्वेने चेर्वेतेरीला जाऊन या. तासाभराचाही रस्ता नाही. तिथे भांड्याखालच्या पाटीवर ग्रीक लिहिले आहे की एट्रुस्कन, हे आधी वाचू नका. आधी चित्र पाहा.